नळीतला छर्रा

टेमघरच्या केसरीनाथने आपल्याच घरची गाडी आपल्याच हाताने बिघडवली होती, आणि ती दुरुस्त करणाऱ्या माणसासमोर बसून तो आता चहा पीत होता. चहा त्याच माणसाने मागवलेला होता.

गाडी म्हणजे सोळा वर्षांची डिझेल जीप. गोदामासाठी जमीन भाड्याने दिली त्या साली घेतलेली. त्याआधी बारा वर्षं केसरीनाथने टेम्पो चालवला होता. नारपोलीतून सुताच्या गोण्या उचलायच्या, लूमच्या कारखान्यांत टाकायच्या, ताण्याचं सूत गुंडाळलेले बीम भरून परतायचं. गोदाम उभं राहिलं आणि लोक त्याला शेठ म्हणू लागले. त्यालाही ते आवडू लागलं. एक रवींद्र तेवढा अजून दादाच म्हणायचा. टेम्पोच्या दिवसांपासूनची ओळख होती. तेव्हा रवींद्र दुसऱ्याच्या गॅरेजात कामाला होता, आता नारपोलीत त्याचं स्वतःचं होतं, लूमच्या कारखान्याला लागून. दिवसभर भिंतीपलीकडून खटखट चालायची आणि कापसाची बारीक रुई उडून अवजारांवर बसायची. रवींद्र दर तासाला फडका मारायचा.

जीप आता सार्थकची होती. सार्थक हा केसरीनाथचा एकुलता मुलगा, वय तेवीस. गाडी छान चालवायचा, हात साफ होता. पण ॲक्सिलरेटरवर पाय ठेवला की उचलायचा नाही. त्याचा दोस्त भाविक अपघात झाल्यापासून तीन महिने मांडीत सळई घालून घरी पडला होता. भाविकला भेटायला जातानासुद्धा सार्थक शंभरच्या वरच जायचा.

जानेवारीत बापलेक शहापूरहून एका साखरपुड्याहून परतत होते. पडघ्याजवळ सार्थकने एका कंटेनरच्या डाव्या बाजूने गाडी पुढे काढायला घेतली. काटा एकशे तीसच्या पुढे. आणि समोर, रस्त्याच्या कडेला, बंद पडलेला ट्रेलर उभा. सार्थकने एका हाताने स्टिअरिंग फिरवलं, गाडी दोघांच्या मधून निघाली. बाजूचा आरसा ट्रेलरला घासून फटकन दुमडला. केसरीनाथचे दोन्ही पाय खाली पायदानावर असे रुतले होते, जणू ब्रेक त्याच्याच पायाशी होता.

सार्थक हसला. "घाबरला काय, पप्पा?"

"न्हाय," केसरीनाथ म्हणाला.

घरी येऊन त्याने ठरवलं, आज बोलायचं. अंघोळ करताना वाक्यं जुळवली. जेवायला बसल्यावर सार्थकने आपल्या वाट्याची कालवणातली मोठी निवटी मासळी बापाच्या ताटात वाढली, आणि सगळी वाक्यं घशातच राहिली. हे काही पहिल्यांदा होत नव्हतं. तीन वर्षांपूर्वी कॉलेज सोडलं म्हणून केसरीनाथ पोरावर ओरडला होता, एकदाच. सार्थक घर सोडून गेला आणि नऊ दिवस त्याचा फोन बंद होता. सार्थकच्या आईने, पार्वतीने, त्या नऊ दिवसांत चहापलीकडे काही तोंडात घेतलं नाही. पोरगा परत आला तेव्हापासून घरात सगळे दबक्या पावलांनी वावरत होते. सार्थकला काही सांगायचं झालं की केसरीनाथ बायकोकडे बघायचा, बायको त्याच्याकडे बघायची, आणि सांगायचं ते राहून जायचं.

मग एका दुपारी, घरातले सगळे झोपलेले असताना, त्याने जुन्या सायकलचं चाक खोललं आणि आतल्या बेअरिंगचा एक छर्रा काढला.

काय करायचं ते त्याला रवींद्रनेच शिकवलं होतं. दिवाळीच्या आधी गाडी एकदा दम धरेनाशी झाली होती. तेव्हा रवींद्रने बॉनेट उघडून त्याला जवळ बोलावलं आणि टर्बोच्या बाजूची पत्र्याची डबी दाखवली. "ही पेन्सिलीएवढी नळी बघा दादा. हिच्यातून हवा खेचली जाते, तेव्हा ही दांडी हलते. दांडी हलली की टर्बो इंजिनात हवा कोंबतो. नळी फाटली की झालं. गाडी चालते, पण धावत नाही." नळी फाटलेलीच निघाली. रवींद्रने नवी बसवली, दोन्ही टोकांना चिमटे लावले, आणि समजावून सांगता आलं म्हणून खूश झाला.

चालते, पण धावत नाही. हे शब्द केसरीनाथच्या डोक्यात घर करून राहिले.

त्याने चिमटा सरकवला, नळी काढली, छर्रा आत घातला, पेनच्या कांडीने बोटभर खोल ढकलला आणि नळी होती तशी लावली. बाहेरून काही म्हणजे काही दिसत नव्हतं. हात धुताना त्याच्या मनात आलं की रवींद्र बाकी सगळं तपासेल, पण ही नळी तपासणार नाही, कारण ती त्याने स्वतःच बसवली आहे. हा विचार आपल्याला सुचला याचंच त्याला पुढे सगळ्यात जास्त वाईट वाटत राहिलं.

गाडी ऐंशीच्या वर जाईना. पुलाचा चढ आला की काळा धूर ओकायची. सार्थक वैतागला, आणि केसरीनाथला चार दिवस शांत झोप लागली.

पाचव्या दिवशी सार्थक गाडी रवींद्रकडे घेऊन गेला, सोबत बापालाही घेतलं. रवींद्रने स्कॅनर लावला. टर्बोचा दाब कमी एवढंच त्यात आलं, का कमी ते कळेना. त्याने एअर फिल्टर काढून झटकला, मोठ्या होज पाईपांवर साबणाचं पाणी मारून बुडबुडे येतात का पाहिलं. एका पाईपला बारीकशी चीर सापडली. जुन्या गाडीत अशा चिरा असायच्याच. त्याने पाईप बदलला, चक्कर मारून आला आणि मान हलवली. "थोडा फरक आहे. पण पुरतं जमलं नाही. दोन दिवस ठेवा."

"दोन दिवस?" सार्थक म्हणाला. "एवढ्यात तर नवीन इंजिन बसतं." आणि गाडी घेऊन निघाला.

आज दुसरी फेरी होती. आज रवींद्रने दांडीवर बोट ठेवून सार्थकला रेस द्यायला सांगितलं. दांडी जागची हलत नव्हती. रवींद्रच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं, दुखणं अर्धं सापडलं होतं. डबीला त्याने आपल्या हातपंपाने ओढून पाहिलं, तर दांडी नीट हलली. म्हणजे डबी ठीक, टर्बो ठीक. "मग डबीकडे ओढ सोडणारा वॉल्व्हच गेला असणार," तो म्हणाला. स्वतः स्कूटरवर जाऊन दुसऱ्या एका गाडीचा चालू वॉल्व्ह आणला आणि बसवला.

केसरीनाथ खुर्चीवर बसून बघत होता. रवींद्र त्याच्यापेक्षा सात-आठ वर्षांनी लहान, पण गरम इंजिनावर वाकून वाकून त्याची पाठ कायमची जराशी वळलेली. टर्बोजवळ हात घालताना त्याचं मनगट भाजलं. त्याने हात झटकला आणि पुन्हा आत घातला. एक शब्द, केसरीनाथ स्वतःशी म्हणत होता. एकच शब्द बोलायचा. रवी, नळी बघ. कारणसुद्धा सांगायला नको. पण सार्थक तिथेच उभा होता. आणि नळी बघ म्हटल्यावर ते आपल्याला कसं सुचलं, हा प्रश्न आलाच असता.

त्याने चहा पिऊन टाकला.

वॉल्व्ह बदलूनही गाडी तशीच. चक्कर मारून आलेल्या सार्थकने दार आपटलं. गॅरेजात दोन गिऱ्हाईकं होती, एक टेम्पोवाला आणि एक रिक्षावाला. त्यांच्यासमोर तो म्हणाला, "तुला येत नाय तर बोर्ड कशाला लावलास? दोन वेळा आलो. वेळेची किंमत हाय का तुला?"

रवींद्रला आजवर सार्थक काका म्हणायचा. 'तुला' ऐकून रवींद्र क्षणभर त्याच्याकडे पाहत राहिला, मग त्याने केसरीनाथकडे पाहिलं. बाप पोराला काहीतरी म्हणेल, निदान "काका हायत ते" एवढं तरी म्हणेल, अशी ती नजर होती. केसरीनाथ खाली वाकून चपलेचा पट्टा लावू लागला. पट्टा लागलेलाच होता.

"टर्बो ही गया होगा भाई," टेम्पोवाला मध्येच म्हणाला. "पुरानी गाडी है."

"टर्बो नहीं गया," रवींद्र हळू आवाजात म्हणाला. "मेरेको मिल नहीं रहा, ये अलग बात है."

त्या संध्याकाळी सार्थकने टेमघरच्या गाड्यावाल्यांच्या ग्रुपवर लिहिलं की नारपोलीच्या रवींद्रकडे कोणी जाऊ नका, साधा बिघाड सापडत नाही, भलतेच पार्ट बदलतो. ग्रुपवर दीडशे माणसं होती. हसणारी तोंडं आली, अंगठे आले. कोणी दुसऱ्या मेकॅनिकचा नंबर टाकला. मग केसरीनाथच्या चुलतभावाचा मुलगा मितेश, त्याने लिहिलं: "मी आधीच बोललेलो. त्यांच्या हातात गाडी द्यायचीच नाय."

'त्यांच्या' म्हणजे कोणाच्या, हे लिहिणाऱ्याला ठाऊक होतं आणि वाचणाऱ्यांनाही. गाडी दुरुस्त करण्यातलं त्यात काही नव्हतं. रवींद्रची जात त्यात होती. केसरीनाथने तो एक शब्द कितीदा वाचला कोण जाणे. बारा वर्षं ज्याच्याबरोबर टेम्पोखाली पडून डबा खाल्ला, त्याच्याबद्दल आपल्या घरातलं पोरगं हे लिहितं आणि दीडशे माणसांतला एकही काही बोलत नाही. मग त्याच्या ध्यानात आलं की त्या दीडशेंत आपणही आहोत. त्याने फोन उलटा करून ठेवला.

पुढच्या आठवड्यात पार्वती म्हणाली, "रवीभाऊंच्या गॅरेजात कोणीच नव्हतं वो. मी रिक्षातून येताना बघितलं. एकटेच बसले होते, फडका घेऊन." केसरीनाथ भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. पार्वतीला वाटलं, नवऱ्याला तब्येतीचं काहीतरी आहे. तिने त्याला दोन दिवस हळदीचं दूध दिलं.

आणि ज्यासाठी हे सगळं केलं, तेही फुकट गेलं. गाडी पळत नाही म्हणून सार्थकने भाविकची मोटारसायकल आणली. भाविक खाटेवर, मोटारसायकल मोकळीच होती. आता तो पडघ्यापर्यंत त्या दोन चाकांवर जायचा, हेल्मेट हँडलला अडकवून. गेटमधून ती बाहेर पडायची तेव्हा केसरीनाथ आवाज ऐकत उभा राहायचा, आवाज विरेपर्यंत.

रविवारी सकाळी अकराच्या सुमारास फाटकाशी स्कूटर थांबली. रवींद्र होता, पायाशी अवजारांची पिशवी घेऊन.

"गाडी बघू द्या, दादा," तो म्हणाला. "पैशाचं काही नाही. मला ती सापडली नाही, म्हणून आलो. घरी बसलो तरी डोक्यात तीच फिरते. सार्थक आहे?"

"न्हाय. गेलाय बाहेर."

"बरं झालं," रवींद्र म्हणाला. त्यात राग नव्हता, आणि म्हणूनच केसरीनाथला ते फार लागलं.

अंगणात जीप उभी होती. रवींद्रने बॉनेट उघडलं, गाडी चालू करायला सांगितली आणि आज पहिल्यापासून सुरुवात केली, जणू गाडी प्रथमच बघतो आहे. हवा खेचणाऱ्या पंपापाशी बोट लावलं. ओढ होती. वॉल्व्हच्या आधी ओढ होती. वॉल्व्हच्या नंतरही ओढ होती. मग त्याने डबीपाशी येणारं नळीचं टोक काढलं आणि त्याला बोट लावलं. बोट काढून पुन्हा लावलं.

"इथे नाही," तो स्वतःशीच म्हणाला. "तिकडे आहे आणि इथे नाही. मधे फक्त नळी आहे. माझी नळी."

त्याने पूर्ण नळी सोडवली. बाहेरून नवीकोरी. अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून तो ती इंच इंच दाबत गेला. शेवटाला एका जागी त्याची चिमटी अडली. त्याने मागून दाबलं, पुढे सरकवलं, आणि मिरीच्या दाण्याएवढा छर्रा त्याच्या तळहातावर पडला. उन्हात चकाकणारा.

केसरीनाथ त्याच्यापासून दोन हातांवर उभा होता.

"हा सायकलचा आहे," रवींद्र म्हणाला. "अख्ख्या गाडीत असला छर्रा कुठे नसतो." तो छर्ऱ्याकडेच बघत होता. "आपोआप येत नाही हा इथे. कोणीतरी आत घातला, ढकलला आणि चिमटा परत लावला. मी लावतो तसाच लावला."

मग त्याने मान वर केली. केसरीनाथला त्या नजरेला नजर देता येईना. तो जीपच्या चाकाकडे बघू लागला.

तेवढ्यात पार्वती चहा घेऊन ओट्यावरून उतरली. "काय सापडलं का भाऊ?"

रवींद्रने मूठ मिटली. "सापडलं वहिनी. नळीत घाण अडकली होती."

"एवढंच व्हतं?"

"एवढंच. माझीच नळी होती. माझ्याकडून बघायचं राहिलं."

त्याने नळी पुसून परत लावली, गाडी एक चक्कर फिरवून आणली, आणि बॉनेट अलगद बंद केलं. चहा उभ्यानेच प्यायला. कपबशी पार्वतीच्या हातात दिली, अवजारं एकेक करून पिशवीत भरली. घाई नव्हती त्याला. हेल्मेट घातलं. स्कूटरला किक मारली, ती चालू झाली, तरी तो थोडा वेळ तसाच थांबला, हँडल धरून. केसरीनाथ फाटक धरून उभा होता. मग रवींद्र गेला.

दुपारी सार्थक आला. गाडी ठीक झाल्याचं ऐकून लगेच एक फेरी मारून आला, खूश होऊन. "काय होतं?"

"नळीत घाण," पार्वती म्हणाली. "भाऊ स्वतः येऊन करून गेले."

"कुठली नळी? ती दिवाळीत त्याने बसवलेली?" सार्थक हसायलाच लागला. आणि केसरीनाथच्या डोळ्यांसमोर, जेवणाच्या टेबलावर, त्याने ग्रुपवर टाकलं: स्वतःच बसवलेल्या नळीत कचरा, आणि पंधरा दिवस शोधत होता. पुन्हा तोंडं हसू लागली. मितेशने तीन अंगठे दिले.

केसरीनाथला भात गिळवेना. उठून मोरीत गेला आणि नळ सोडून नुसता उभा राहिला. त्या माणसाने आपली लाज झाकली, आणि आपण त्याची अब्रू आपल्या ताटापाशी बसून वेशीवर टांगू दिली. पोराने नव्हे. पोराला काय ठाऊक होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी तो रिक्षाने नारपोलीला गेला. गॅरेज नुकतंच उघडलं होतं. रवींद्र बाकड्यावर पाने-पकडी मांडत होता. त्याने खुर्ची पुढे केली. केसरीनाथ बसला नाही.

"रवी, तो छर्रा मी घातला."

"माहीत आहे," रवींद्र म्हणाला.

"कवा कळलं?"

"हातात पडला तेव्हाच. तुम्ही चाकाकडे बघत होता."

केसरीनाथने मग सगळं सांगितलं. पडघ्याचा ट्रेलर, दुमडलेला आरसा, भाविकची मांडी, पोराला बोलायला जीभ कशी वळत नाही ते. सांगताना त्याला ऐकू येत होतं की आपण कारणं देतो आहोत. कारणं खरीच होती, तरी या माणसासमोर ती हलकी वाटत होती. शेवटी तो थांबला. "तू पार्वतीसमोर बोलला का न्हाय?"

रवींद्रने हातातला पाना खाली ठेवला. "तुम्ही बोलाल म्हणून थांबलो. चहा संपेपर्यंत थांबलो. किक मारली तरी थांबलो होतो, दादा."

भिंतीपलीकडे लूम खटखटत होते. तेव्हा कुठे केसरीनाथ खुर्चीवर टेकला.

"पोरगं 'तुला' म्हणालं, ते मी सोडून दिलं असतं," रवींद्र म्हणाला. "तरुण रक्त आहे. पण तुम्ही खाली वाकून चप्पल बघत बसलात. आणि ग्रुपवरचं मला कोणीतरी पाठवलं. मितेशचंही. माझ्या पोरीने वाचलं ते. धम्मदिना बारावीला आहे. तिने विचारलं, केसरीकाका या ग्रुपवर आहेत का? मी म्हटलं, नसतील."

"माफ कर," केसरीनाथ म्हणाला.

"मला सांगून काय होणार? मला तर ठाऊकच होतं. ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगा." आणि रवींद्र पुन्हा पाने मांडू लागला. जा असं तो म्हणाला नाही, बसा असंही म्हणाला नाही.

केसरीनाथला फोनवर मराठी टाइप करणं जमत नसे. गॅरेजबाहेर, एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून त्याने बोलून संदेश टाकायचं बटण दाबून धरलं. दोनदा बोट सुटलं. तिसऱ्यांदा तो बोलला.

"मी केसरीनाथ बोलतोय, टेमघरचा. आमच्या जीपचा टर्बो मीच बंद केला व्हता. नळीत छर्रा घातला, मी, माझ्या हातानं. सार्थक लय जोरात चालवतो, आनि त्याला तोंडावर सांगायची माझ्यात हिंमत न्हाय, म्हणून. रवींद्रची काय बी चूक न्हाय. त्याला बिघाड सापडला, आनि कोनी केला ते बी कळलं, तरी त्यानं माझं नाव घेतलं न्हाय. तुमी लोकं त्याला हसला, ते माझ्यामुळं. आनि मितेशनं जे लिवलं, 'त्यांच्या हातात', ते मी वाचलं आनि गप बसलो. छर्रा घातला त्याच्यापरीस ते जास्त वाईट केलं मी. मितेश, ते तू काढून टाक. बस. एवढंच."

बोट उचललं आणि संदेश गेला. काढून टाकता आला असता, पण त्याने फोन मांडीवर उघडा ठेवला. ऐकलेल्यांच्या यादीत एकेक नाव वाढत गेलं. कोणी ऐकत होतं, मग आणखी कोणी. हसणारं तोंड एकही आलं नाही. कोणी काहीच लिहिलं नाही. त्या शांततेत तो घरी निघाला. चौकात ओळखीच्या दोघांनी त्याला बघून बोलणं थांबवलं.

घरी पार्वती ओट्यावर बसलेली. तिने ऐकलं होतं. तिचा चेहरा नऊ दिवसांच्या वेळी होता तसा झाला होता. "तो आत हाय," ती एवढंच म्हणाली.

सार्थक पलंगावर बसला होता, फोन हातात. केसरीनाथ दारातच थांबला.

"सगळ्यांसमोर, पप्पा?" सार्थक म्हणाला. ओरडला नाही. "मला आधी सांगायचं ना. घरात सांगायचं."

"सांगितलं असतं तर ऐकलं असतंस?"

सार्थकने विचार केला. खरंच विचार केला. "नसतं," तो म्हणाला.

"तरी मी सांगायला पायजे व्हतं. ते माझं काम व्हतं." केसरीनाथने चौकट घट्ट धरली. "आता सांगतो. त्या दिवशी पडघ्याला मी लय घाबरलो व्हतो. तू विचारलंस तवा न्हाय म्हणालो, ते खोटं. मला वाटलं आपन दोघं मेलो. अजून गाडीत बसलो का ते दिसतं. तू हळू चालव. आनि रवीला तू जे बोललास, तुला म्हणून, ते मला आवडलं न्हाय. तवा बोललो न्हाय, ती चूक माझी. पन मला आवडलं न्हाय."

सार्थक उठला आणि बापाच्या बाजूने, त्याला न स्पर्शता, बाहेर गेला. चपला घालून फाटकातून निघून गेला. जीप आणि मोटारसायकल दोन्ही अंगणातच होत्या. पार्वती दारापर्यंत धावली, पण हाक मारू शकली नाही. दोघं नवराबायको ओट्यावर बसून राहिले. स्वयंपाक झाला, गार झाला. केसरीनाथला खात्री वाटत होती की आता पुन्हा नऊ दिवस, कदाचित जास्तच, आणि या वेळी सगळं आपल्यामुळे.

दिवेलागणीला सार्थक परत आला. पाय धुळीने भरले होते. "भूक लागलीय," तो आईला म्हणाला. तिघं जेवायला बसले. फोन त्याने उशाशी ठेवला होता, तो टेबलावर आणला नाही.

मितेशने आपला संदेश दुसऱ्या दिवशी काढला. माफी मागितली नाही. लग्नात-बारशात भेटला की तो केसरीनाथकडे पाहून न पाहिल्यासारखं करायचा. चुलतभाऊ एकदा घरी येऊन म्हणाला, "एवढं मनाला लावून घेन्यासारखं काय व्हतं? आपल्या घरातली गोष्ट चव्हाट्यावर मांडलीस." केसरीनाथ म्हणाला, "मांडायच्या आधी ती चव्हाट्यावरच व्हती. फकस्त माझं नाव न्हवतं तिच्यात." त्यानंतर त्या घराशी येणंजाणं कमी झालं. पार्वतीला ते जड गेलं, तिने तसं बोलूनही दाखवलं.

महिना उलटला. सार्थक गाडी चालवायचा. हळू म्हणावं इतकी हळू नाही, पण बाप शेजारी असला की काटा शंभरच्या आत असायचा. केसरीनाथ आता "कमी कर" म्हणायचा. म्हणताना अजून खिडकीबाहेर बघायचा, तरी म्हणायचा. कधी सार्थक ऐकायचा, कधी तोंड वाकडं करून ऐकायचा.

एका शनिवारी रवींद्रचा फोन आला. "सार्थक येऊन गेला."

केसरीनाथ उठून ओट्यावर आला. "काय म्हणाला?"

"जास्त काही नाही. बसला होता थोडा वेळ. काका म्हणाला. मग ऑइल बदलून गेला."

"आनि तू?"

"मी ऑइल बदललं," रवींद्र म्हणाला. लूमचा आवाज फोनमधून ऐकू येत होता. "गिऱ्हाईकं येतात आता पुष्कळशी. सगळी नाही. या कधी इकडे."

"येतो," केसरीनाथ म्हणाला, आणि गेला नाही. दोनदा रिक्षात बसला आणि नारपोलीच्या नाक्यावर उतरून परत आला. बारावीतली ती पोरगी गॅरेजात असली तर तिच्याकडे कसं बघायचं, हे त्याला ठरवता येत नव्हतं. पाचव्या दिवशी मात्र तो गेलाच.

पोरगी नव्हती. रवींद्र एका पांढऱ्या गाडीच्या बॉनेटमध्ये कमरेपर्यंत वाकला होता. त्याने वर पाहिलं, मान हलवली आणि परत आत वाकला. केसरीनाथ खुर्चीपाशी उभा राहिला. बसावं की नाही ते त्याला कळेना.

"बसू नका," आतून रवींद्रचा आवाज आला. "चावी लावलेली आहे. जरा गाडीत बसून रेस द्या. मी सांगतो तेव्हा."

केसरीनाथ चालकाच्या जागेवर जाऊन बसला. काचेतून त्याला उघडलेलं बॉनेट दिसत होतं आणि त्याखाली रवींद्रची वाकलेली पाठ.

"द्या," रवींद्र म्हणाला.

त्याने रेस दिली.

"अजून थोडी."